कुत्र्यांच्या प्लेटलेट्स: प्रकल्पाच्या नोंदी (ठाणे, मे ते सप्टेंबर)

६ मे

नोंदी आजपासून इथेच लिहायच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं दोन दिवसांनी कुणालाच सापडत नाही. काम काय ते एकदा लिहून ठेवते. पावसाळा लागला की घोडबंदर पट्ट्यातली निम्मी कुत्री गोचीड तापाने आजारी पडतात, त्यातल्या काहींच्या प्लेटलेट्स एका मायक्रोलिटर रक्तात दहा हजाराच्याही खाली जातात आणि नाकातून नाहीतर हिरड्यातून रक्त सुरू होतं, आणि अशा वेळी हाताशी प्लेटलेटची बॅग कधीच नसते. आमच्या व्हेट मॅडमचं म्हणणं, आपण बनवून बघू. मी आधी माणसांच्या ब्लड बँकेत टेक्निशियन होते, त्यामुळे बॅगा फिरवणं, सील करणं नवीन नाही. कुत्र्यांचं रक्त मात्र नवीन आहे.

खरा प्रश्न बनवण्याचा नाहीच, ठेवण्याचा आहे. लाल पेशी फ्रीजमध्ये महिनाभर राहतात, प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्तातला पिवळसर द्रव) गोठवून वर्षभर, आणि प्लेटलेट्स? पाच दिवस, ते पण २० ते २४ डिग्रीमध्ये, सतत हलवत. मे महिन्यातल्या ठाण्यात २२ डिग्री म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

९ मे

मागच्या खोलीत एसी २२ वर लावून डेटा लॉगर ठेवला होता. रात्री ठीक, २१.५ ते २३. दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर ऊन आलं की २६ पर्यंत जातंय, कॉम्प्रेसर बंद-चालू होतो तसा ग्राफ करवतीसारखा दिसतो. म्हणजे नुसत्या एसीवर भागणार नाही, एसीच्या खोलीत आत एक बंद कपाट लागणार. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरला सांगितलंय: इन्सुलेटेड कपाट, आत छोटा कूलर आणि हीटर दोन्ही, कारण एसी फार थंड करतो तेव्हा गरम पण करायला लागतं. त्याने विचारलं, आत काय ठेवणार? मी म्हटलं कुत्र्यांचं रक्त. गप्प बसला बिचारा, मग म्हणाला ताई दरवाजा काचेचा करू का, दिसेल तरी.

मॅडमनी विचारलेलं, फ्रीजमध्ये का नाही ठेवायचं. पूर्वी माणसांच्याही फ्रीजमध्येच ठेवायचे. १९६९ साली मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की ४ डिग्रीत ठेवलेल्या प्लेटलेट्स शरीरात गेल्यावर फार लवकर काढून टाकल्या जातात आणि २२ डिग्रीतल्या बऱ्याच जास्त टिकतात, तेव्हापासून सगळं जग २२ वर आलं. थंडीने प्लेटलेटचा आकार बदलतो, चपटी थाळीसारखी असते ती गोल होते, बाहेर काटे काढते, आणि शरीर तिला ओळखून लिव्हरमध्ये अडवतं. कुत्र्याच्या प्लेटलेट्सचंही तेच, गार झाल्या की पटकन एकमेकींना चिकटतात.

१४ मे

सेंट्रीफ्यूज (बॅग जोरात फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं मशीन) आलं. जुनं आहे, फ्लोअर मॉडेल, रेफ्रिजरेटेड, बकेट मात्र चांगल्या आहेत. वर आरपीएमचा काटा आहे पण 'जी' (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) कुठेच दाखवत नाही आणि कुत्र्यांच्या प्रोटोकॉलमध्ये सगळं जीमध्ये दिलेलं असतं. मोजपट्टी आत घालून मध्यापासून बकेटच्या तळापर्यंतचं अंतर घेतलं, २५ सेमी भरलं. मग हिशोब सोपा आहे, ०.००००१११८ गुणिले त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. १००० जीसाठी साधारण १८९० आरपीएम, २००० जीसाठी २६७५. हे दोन आकडे मशीनच्या झाकणावर मार्करने लिहून टाकलेत. दुसऱ्या कुणाच्या मशीनचे आरपीएम उचलून वापरायचे नाहीत, त्रिज्या बदलली की सगळं बदलतं.

माणसांच्या बॅगेला पहिला स्पिन आम्ही जास्त जोरात मारायचो. कुत्र्यासाठी १००० जीला चार मिनिटं, बस. प्लेटलेट प्लाझ्मामध्ये वर तरंगत राहिली पाहिजे आणि लाल पेशी खाली बसल्या पाहिजेत, जास्त फिरवलं की प्लेटलेट्स पण खालीच जाऊन बसतात आणि वर नुसतं पाणी उरतं. दुसरा स्पिन २००० जीला दहा मिनिटं, तो प्लेटलेट्स तळाला बसवायला. ब्रेक दोन्ही वेळा बंद.

२२ मे

पहिलं डोनेशन. मोती, लॅब्रॉडोर, ३४ किलो, मानपाड्याचा. निवडीचे नियम मॅडमनी बोर्डवर लिहिलेत: वजन २५ किलोच्या वर, वय एक ते आठ, सगळी लसीकरणं पूर्ण, आधी कधी रक्त चढवलेलं नको, डीईए १ (कुत्र्यांचा मुख्य रक्तगट) निगेटिव्ह असला तर सोन्याहून पिवळं. एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, बबेसिया, हेपॅटोझून या गोचिडातून येणाऱ्या सगळ्या जंतूंची तपासणी, पीसीआरसकट, कारण आपल्याकडचा कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि आत बबेसिया घेऊन वर्षानुवर्षं फिरत असतो. शिवाय प्लेटलेटसाठी वेगळे दोन नियम. आठवडाभरात पेनकिलर दिलेलं नको. आणि डॉबरमन नको, त्यांच्यात व्हॉन विलेब्रँडचा (रक्त नीट न थांबण्याचा जन्मजात) त्रास बराच सापडतो.

झोपेचं इंजेक्शन द्यायची गरज पडली नाही, मोतीच्या मालकीण काकूंनी डोकं मांडीवर घेऊन चिकू भरवला तेवढ्यावर काम झालं. तसंही झोपेसाठीचं एसप्रोमेझिन देऊन चालत नाही, त्याने प्लेटलेट्स ढिल्या पडतात. मानेवरचे केस काढले, क्लोरहेक्सिडीन, स्पिरीट, परत क्लोरहेक्सिडीन, आणि एकदा झालं की बोट लावायचं नाही, कारण ही बॅग पाच दिवस उबेत राहणार आहे, एक जंतू आत गेला तर त्याची चंगळ. १६ नंबरची सुई, मॅडमनी एका टोचण्यात शीर घेतली. हे प्लेटलेटसाठी फार महत्त्वाचं, सुई आत फिरवत बसलं की टिश्यूचा रस रक्तात येतो आणि गुठळ्या तिथेच सुरू होतात. बॅग खाली वजनकाट्यावर, मी हाताने हळूहळू हलवत होते, त्यात आधीच ६३ मिली अँटिकोअ‍ॅग्युलंट असतं, ४५० मिली रक्त त्यात मिसळत राहिलं पाहिजे. आठ मिनिटांच्या आत भरली. मोतीला नंतर चिकन-भात, आणि काकूंना चहा.

रक्त फ्रीजमध्ये ठेवायचं नाही हे सगळ्यांना परत परत सांगावं लागतंय. वॉर्डातला दादा बॅग घेऊन सरळ फ्रीजकडे निघाला होता, मी दारात अडवलं. रक्त काढल्यापासून आठ तासांच्या आत, तोपर्यंत २२ डिग्रीतच, फिरवायला लागायचं.

दुपारी फिरवलं. पहिल्या स्पिननंतर बॅग बकेटमधून काढताना श्वास रोखून काढावी लागते, जरा हिसका बसला की लाल पेशी आणि प्लाझ्मामधली रेघ मोडते. प्लाझ्मा एक्सप्रेसरमध्ये लावली, वर पिवळसर, थोडं दुधाळ, तो दुधाळपणा म्हणजेच प्लेटलेट्स. लाल रेघ वर येताना साधारण एक सेंटिमीटर राहिली की क्लॅम्प, लोभ करायचा नाही. दुसऱ्या स्पिननंतर वरचा प्लाझ्मा तिसऱ्या बॅगेत काढून ६२ मिली ठेवला, तळाला बटणाएवढा पांढरट डाग, मध्ये फिक्कट गुलाबी. हा डाग लगेच हलवायचा नाही, तासभर तशीच टेबलावर पडू द्यायची, मगच बोटांनी हळू चोळून सोडवायचा. घाई केली तर कणकेच्या गोळ्यांसारखे तुकडे होतात आणि परत विरघळत नाहीत. तास झाला, सोडवलं, छान सुटलं.

आकडे: मोतीचा काउंट १ मायक्रोलिटरला २.६ लाख, म्हणजे ४५० मिलीमध्ये एकूण ११,७०० कोटी. बॅगेत आले ११.८ लाख गुणिले ६२ मिली, म्हणजे ७,३१६ कोटी. साडेबासष्ट टक्के हाताला लागले. पहिल्या बॅगेला वाईट नाही, माणसांच्या ४५० मिलीच्या बॅगेला आपल्याकडे ४,५०० कोटी म्हणजे पास. कुत्र्याचा काउंट मुळातच जास्त असतो हा फायदा आहेच.

२३ ते २७ मे

ही बॅग कुणाला द्यायची नव्हती, नुसती बघायची होती. कपाटात २२.१ ते २२.८. अ‍ॅजिटेटर बॅगा मिनिटाला ६० ते ७० वेळा मागेपुढे हलवतो. हलवायचं कशासाठी तर प्लेटलेट्स जिवंत असतात, ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, बॅगेच्या प्लॅस्टिकमधून हवा आत-बाहेर होते. हलवलं नाही तर खाली साचून गुदमरतात, लॅक्टिक अ‍ॅसिड करतात, पीएच उतरतो, आणि ६.२ च्या खाली गेला की बॅग संपली. प्लाझ्मा ६० मिली ठेवतो तो पण त्यासाठीच, अ‍ॅसिड पचवायला तेवढा लागतो.

रोज सकाळी खिडकीशी धरून स्वर्ल बघायचा. हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल: बॅग हळू हलवली की आत रेशमी साडीवर उजेड पडल्यासारख्या लाटा चमकतात. चपट्या प्लेटलेट्स उजेड वेगवेगळ्या बाजूला फेकतात म्हणून ते दिसतं, गोल झाल्या की नुसतं गढूळ. पहिल्या दिवशी झकास. तिसऱ्या दिवशी बरं. पाचव्या दिवशी आहे, पण शोधावं लागतंय. पीएच ७.३ वरून ६.९, काउंट ११.८ वरून १०.९ लाख.

बॅग कुठली वापरायची यावरही लिहून ठेवते. साध्या प्लॅस्टिकच्या सॅटेलाइट (मुख्य बॅगेला जोडलेल्या) बॅगेत प्लेटलेट्स तीन दिवसच ठेवायच्या, हवा जास्त सोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या असतील तरच पाच. ट्रिपल बॅग (नळीने जोडलेल्या तीन बॅगांचा संच) घेताना लेबलवर बघून घ्या, स्वस्तातली आणली तर तिसऱ्या दिवशी फेका.

३ जून

कल्चर निगेटिव्ह, म्हणजे बॅगेत जंतू वाढले नाहीत. बॅग टाकून दिली. लाल पेशी एका पार्व्होच्या पिल्लाला गेल्या, प्लाझ्मा डीप फ्रीझरमध्ये.

१८ जून

पाऊस आला आणि फोन सुरू. आज खारघरहून एकजण घाईघाईत, प्लेटलेट ८,०००, आत्ताच्या आत्ता बॅग द्या. कुत्रा बघितला तर कॅव्हेलियर किंग चार्ल्स, उड्या मारतोय, अंगावर एक लाल ठिपका नाही. मी म्हटलं आधी स्लाइड. मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शनखाली स्मीअरच्या (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या) कडेला प्लेटलेट्सचे घोसच्या घोस. मशीन हे घोस मोजतच नाही, आणि या जातीच्या कुत्र्यांच्या प्लेटलेट्स जन्मजात कमी आणि आकाराने मोठ्या असतात, मोठ्या असल्या की मशीन त्यांना लाल पेशीत धरतं. परत रक्त घेतलं, घोस नसलेल्या जागी दहा फील्ड (मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणारी जागा) मोजले, फील्डमागे सरासरी पाच, एकाला साधारण १५,००० धरायचे, म्हणजे ७५,०००. या जातीला चालून जातंय.

तेव्हा नियम केलाय: बॅगेसाठी फोन आला की पहिला प्रश्न, स्मीअर बघितला का? दुसरा, रक्त येतंय का? नुसत्या आकड्यावर बॅग द्यायची नाही. डेंग्यूमुळे ठाण्यात लहान पोराला पण प्लेटलेट शब्द पाठ आहे आणि आकडा खाली गेला की घरात रडारड सुरू होते, कुत्र्याचं पण तसंच. पपईच्या पानांचा रस तर येणाऱ्या दर दुसऱ्या कुत्र्याला पाजून झालेला असतो. बरेचदा त्यानेच उलट्या होत असतात.

२ जुलै

सोसायटीत घुशीसाठी टाकलेलं औषध खाल्लेली बीगल, नाकातून रक्त, श्वास जड. मालक म्हणतात प्लेटलेट द्या. काउंट १.४ लाख. मॅडमनी समजावलं, घुशीच्या औषधाने प्लेटलेट मरत नाहीत, व्हिटॅमिन केवर चालणारे रक्त गोठवायचे घटक संपतात, त्याला प्लाझ्मा आणि व्हिटॅमिन के १, तेही महिनाभर. मोतीचा प्लाझ्मा तिला गेला. प्लेटलेटची बॅग कपाटात हलतच राहिली.

११ जुलै

पहिली खरी केस. सिंबा, गोल्डन रिट्रीव्हर, ३० किलो, वर्तकनगर. प्लेटलेट ६,००० (स्मीअरवर पण फील्डमागे जेमतेम एखादी), एर्लिकिया पॉझिटिव्ह, एका डोळ्यात रक्त उतरलेलं आणि सकाळपासून चालताना तोल जातोय. पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ३४, म्हणजे रक्त अजून फार गेलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, हीच ती केस. डोळ्यात उतरलंय ते मेंदूत उतरायला वेळ लागणार नाही, आणि डॉक्सीसायक्लिनचा (गोचीड तापावरचं औषध) परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात, तेवढे दिवस काढायचेत.

पुस्तकी डोस दहा किलोला एक बॅग, म्हणजे तीन. कपाटात एकच, दुसऱ्या दिवसाची. किती चढेल त्याचा हिशोब कागदावर केला: बॅगेत ७,००० कोटी, ३० किलोच्या कुत्र्यात रक्त साधारण २.६ लिटर, भागाकार केला तर २७,०००, त्यातला तिसरा हिस्सा प्लीहा गिळणार, राहिले १८,०००. घरच्यांना तोच आकडा सांगितला, जादू होणार नाही म्हणून.

डीईए १ बघून घेतला, कारण बॅगेत थोड्या का होईना लाल पेशी असतातच. रक्त चढवायचा साधा बीटी सेट, पंप नाही, पहिली पंधरा मिनिटं अगदी हळू, तापमान, नाडी, अंगावर गांधी उठतात का, तोंड सुजतं का ते बघत. मग दीड तासात संपवली. चार तासांच्या वर लोंबकळत ठेवायची नाही. तासाभराने काउंट १९,०००. अठरा चढतील म्हटलं तर तेरा चढले, ताप असला, प्लीहा मोठी असली की असंच होतं. दुसऱ्या दिवशी १४,०००. तिसऱ्या दिवशी त्याच्या स्वतःच्या यायला लागल्या, ४१,०००. तोल सुधारला. मधली खिंड लढवायला एक बॅग पुरली.

२४ जुलै

कॉकर स्पॅनियल, १२ किलो, काउंट ३,०००, पोटावर लाल ठिपके भरपूर पण रक्त कुठूनच नाही. गोचीड तापाच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, शरीरच स्वतःच्या प्लेटलेट्स मारतंय. कपाटात बॅग होती, वजन कमी म्हणजे डोस पण पुरला असता, आणि मालक ताई हात जोडून बसलेल्या. मॅडमनी दिली नाही. मला आत बोलावून म्हणाल्या, "अगं, दिल्या तर काही तासात त्याच अँटिबॉडी ह्या पण खाऊन टाकतील, आणि उद्या खरंच पोटात रक्तस्राव सुरू झाला तर आपल्याकडे काय असेल?" स्टेरॉइड आणि व्हिन्क्रिस्टिनचा एक डोस. बाहेर येऊन त्याच शांतपणे ताईंना समजावत होत्या, मी असते तर दिली असती बहुतेक. पाच दिवसांनी ९०,०००.

ती बॅग पण शेवटी पाचव्या दिवशी फेकली.

६ ऑगस्ट

नेरुळच्या बाजूच्या एका क्लिनिकला बॅग पाठवली. जर्मन शेफर्ड, गोचीड ताप, त्यात दुसऱ्या कुत्र्याने चावलेलं, जखम थांबत नाही. थर्माकोलचा डबा, आत बर्फ नाही, वर लाल अक्षरात 'फ्रीजमध्ये ठेवू नका'. माणसांच्या बॅगा पण प्रवासात २४ तासांपर्यंत न हलवता चालतात, त्यामुळे ऐरोलीच्या पुलावरचं ट्रॅफिक धरूनही काळजी नव्हती. डबा वेळेत पोचला. तिथले डॉक्टर ऑपरेशनमध्ये, कंपाउंडरने डबा उघडून बॅग काढली आणि लसींच्या शेजारी फ्रीजमध्ये. डब्यावरची सूचना डब्याबरोबर बाजूला. तीन तासांनी फोन.

व्हिडिओ कॉलवर बॅग ट्यूबलाइटसमोर धरायला लावली, हलवा म्हटलं. लाटा गायब. गढूळ, पण गुठळी नाही. मी तर टाकून द्या म्हणणार होते. मॅडमनी फोन घेतला आणि विचारलं, रक्त आत्ता चालू आहे ना? मग लावा, लगेच.

नंतर समजावलं ते लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरून बदललं. गार झालेली प्लेटलेट जास्त जगत नाही, पण ती आधीच काटे काढून तयार असते, चिकटायला टपलेली. आठवडाभर टिकायला हवी असेल तर ती बिनकामाची, रक्त आत्ता थांबवायचं असेल तर ती चालते, कदाचित जास्तच चालते. माणसांमध्ये अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये रक्तस्राव चालू असलेल्या पेशंटसाठी थंड प्लेटलेट्स १४ दिवसांपर्यंत ठेवायला मोकळीक दिली, नेहमीच्या मिळत नसतील किंवा वापरता येत नसतील तर. थंडीत जंतू पण वाढत नाहीत हा वरचा फायदा. शेफर्डची जखम तासा-दीड तासात थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंट होता तिथेच परत. दोन्ही गोष्टी सांगितल्यासारख्याच झाल्या, एकाच केसवरून झेंडे नाचवायचे नाहीत पण नोंद हवी.

२० ऑगस्ट

मॅडम आणि मी बसून रजिस्टर काढलं. लाल पेशींची एकही बॅग वाया नाही. प्लाझ्मा सगळा वापरला किंवा फ्रीझरमध्ये सुखरूप. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, कपाट, अ‍ॅजिटेटर, इन्व्हर्टर, त्या प्लेटलेट्स? निम्म्याहून जास्त पाचव्या दिवशी केराच्या पिशवीत. ज्या दिवशी लागतात त्या दिवशी तीन लागतात, ज्या आठवड्यात नाही त्या आठवड्यात एकही नाही. चेन्नईला व्हेटर्नरी कॉलेजची ब्लड बँक आहे, तिथे येणारी कुत्री पण त्या प्रमाणात, एवढ्या छोट्या जागी आपण साठा करायला गेलो तर हेच होणार. आणि प्रत्येक बॅगेमागे एका निरोगी कुत्र्याच्या मानेत सुई जाते, ती फेकायला म्हणून नाही.

वरून गणपती. डोनर यादीतले निम्मे मालक कोकणात चालले, कुणी कुडाळ, कुणी चिपळूण, कुत्र्यांना गाडीत घालून. गोचिडांचा सीझन जोरात आणि डोनर परशुराम घाटापलीकडे. मोतीच्या काकू म्हणाल्या, "तिकडून फोन केलास तरी येऊ गं, पण सात तास लागतील आणि विसर्जनाआधी हे निघणार नाहीत."

९ सप्टेंबर

ठरलं ते असं. साठा प्लेटलेट्सचा करायचा नाही, तयार डोनरचा करायचा. दर तीन महिन्यांनी सगळी तपासणी करून ठेवलेले, ब्लड ग्रुप माहीत असलेले, आज कोण शहरात आहे ते आठवड्याच्या आठवड्याला विचारून ठेवलेले. त्यात एक गट मुद्दाम असा की जो सणाला गावी जात नाही: येऊरच्या पायथ्याचा बंगल्यातला ग्रेट डेन, कळव्यातली दोन रेस्क्यू केलेली गावठी कुत्री (३० किलोच्या वर आहेत, खाऊन खाऊन), कोपरीतल्या सिंधी कुटुंबाचा सेंट बर्नार्ड. फोन आला की डोनर बोलवायचा, काढायचं, फिरवायचं, तासभर विश्रांती, आणि बॅग लावायची. दारातून डोनर आत आल्यापासून साडेतीन तासात होतंय, आज करून बघितलं.

आणि कुत्रा फिका पडलेला असेल, पीसीव्ही २० च्या खाली, तर फिरवायच्या भानगडीतच पडायचं नाही. ताजं रक्त, आठ तासांच्या आत, न गार करता, तसंच. किलोमागे १० मिली दिलं तर प्लेटलेट साधारण दहा हजाराने वाढतात आणि लाल पेशी पण मिळतात. गोचीड तापाच्या बऱ्याच केसेस अशाच येतात, कारण लोक आधी चार दिवस पपई करत बसतात. प्लेटलेटची बॅग उरली ती केस म्हणजे सिंबासारखी: मोठा कुत्रा, लाल पेशी ठीक, प्लेटलेट नाहीत, रक्त धोक्याच्या जागी.

कपाट विकायचं नाही. उरलेली बॅग त्यात पाच दिवस राहील. पाचव्या दिवशी फेकायच्या ऐवजी आता दुसऱ्याच दिवशी एक भाग वेगळ्या छोट्या बॅगेत काढून ४ डिग्रीत ठेवणार आणि रोज काउंट, पीएच, स्मीअरवर गुठळ्या बघणार. पेशंटला नाही, नुसतं बघायला. फॅब्रिकेटरने कपाटाची काच बदलून दिली, पहिल्या काचेला आतून पाणी सुटत होतं.

१६ सप्टेंबर

फ्रीजमधला नमुना, तिसरा दिवस: काउंट १०.२ वरून ८.७ लाख, स्मीअरवर छोट्या गुठळ्या, पीएच ७.२ वर टिकून (थंडीत त्या खातातच कमी). २२ डिग्रीतला जोडीदार ९.९ लाख, गुठळ्या नाहीत. अजून आठवडाभर बघायचंय.

ग्रेट डेनच्या मालकांचा फोन, पाय मुरगळला म्हणून परवा त्याला माणसांची अ‍ॅस्पिरिन दिली, घरात होती म्हणून. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर राहतो, त्यामुळे त्याला यादीतून आजपासून बाहेर, लंगडणं पूर्ण थांबून नवीन प्लेटलेट्स येईपर्यंत, धरून चालू दोन आठवडे. तोवर या आठवड्यात कळव्याची दोघं आणि सेंट बर्नार्ड. मोती पंचवीसला परत येतोय, पण कोकणातून आल्यावर गोचिडांची तपासणी पहिल्यापासून, पीसीआरसकट.